मापाची प्रत

६ जानेवारी

साचेवाले आज माझ्याशी पहिल्यांदा धड बोलले. कृत्रिम पायांच्या या कार्यशाळेत त्यांना सगळे साचेवाले म्हणूनच ओळखतात. अर्धवट राहिलेला पाय ज्या प्लास्टिकच्या पेल्यात बसतो त्याला सॉकेट म्हणतात. त्याचा प्लास्टरचा साचा ते आजवर हाताने घेत आले, हाताने घासत आले. आता साचा मशीन कोरणार आणि मशीनला आकार सांगणार माझा प्रोग्राम. नोकरी सोडल्यानंतरचं हे माझं पहिलंच काम. म्हणजे मी त्यांच्या पोटावर पाय द्यायला आलेय असं त्यांना वाटलं, तर त्यांचं काय चुकलं?

"मशीन चुकलं तर झापायचं कुणाला?" त्यांनी विचारलं.

"मला."

"मग नंबर देऊन ठेवा."

दिला. त्यांनी तो खडूने भिंतीवर लिहिला, मोठ्ठ्या अक्षरात, साच्यांच्या फळीच्या वर. माझ्या एकटीच्या नव्या कंपनीची पहिली जाहिरात म्हणायची.

दादाचं नाव रुग्णांच्या यादीत पहिलं घातलंय. अपघातात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला, तेव्हा मी काहीच करू शकले नव्हते. आता करता येण्यासारखं आहे. दादा शाळेत पीटीचा मास्तर. मोठ्या बाई, म्हणजे त्याच्या मुख्याध्यापिका, भल्या आहेत. त्यांनी जागा राखून ठेवली आहे, पण एक अट घातली आहे. एप्रिलमध्ये नवं सत्र सुरू होईल तेव्हा काठीशिवाय मैदानाला एक पूर्ण फेरी मारून दाखवायची. नाही जमलं तर मैदान दुसऱ्याला आणि दादा ग्रंथालयात. "पुस्तकांकडून कवायत करून घेऊ का?" दादा म्हणाला. म्हणाला हसत, पण ग्रंथालय हा शब्द त्याने कडू गोळी थुंकावी तसा उच्चारला.

१७ जानेवारी

आज एक चांगला निर्णय घेतला, म्हणून लिहून ठेवते. प्रोग्राममध्ये 'माप' हे व्हॅल्यू टाइप ठेवलं. म्हणजे कुणी माप मागितलं की त्याच्या हातात मूळ माप पडत नाही, प्रत पडते. प्रतीवर काय हव्या त्या रेघोट्या ओढा, मूळ आपलं जागच्या जागी शाबूत. आधीच्या कंपनीत याच्या उलट होतं. दोन गिऱ्हाइकं मिळून एकच पत्ता वापरत होती. एकाने घर बदललं की दुसऱ्याचीही पत्रं तिकडे जायची. तो घोळ निस्तरताना माझ्या नाकी नऊ आले होते. इथे तर पायांचा मामला आहे. एकाचं माप दुसऱ्याच्या पायात जाता कामा नये.

दुपारी कंपायलर, म्हणजे माझ्या ओळी तपासून मशीनच्या भाषेत उतरवणारा, अडून बसला. रुग्ण दुसऱ्यांदा आला की नवा घेर त्याच्या मापात भरायचा, तर ती ओळ त्याला पसंत पडेना. हे असं बदलता यायचं नाही, म्हणे. पुढचं लांबलचक वाचायचा मला कंटाळा आला. माप आधी एका वेगळ्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या एका नव्या डब्यात घेतलं आणि तिथे बदललं. लगेच गप्प. अगदी माझ्या सासूबाईंसारखा आहे. आधी जरा बाजूला घेऊन बोललं की पुढे काही विचारत नाही.

२४ जानेवारी

दादाला पाय बसला! साचेवाल्यांनी सगळीकडून बोटं फिरवून पाहिली आणि मान हलवली. त्यांची मान हलली म्हणजे जिंकलं. दादा दोन समांतर दांड्यांमध्ये उभा राहिला, मग एक हात सोडला, मग दुसरा. वहिनीने तोंडाला पदर लावला. मी मात्र पडद्यावरचे आकडे बघत होते.

नंतर दादा-वहिनीच्या घरी गेलो. दादा म्हणाला, "भिंगरे, तू दिवसभर नक्की करतेस काय, ते तरी सांग." एका जागी न बसण्यावरून त्याने माझं हे नाव पाडलं ते कायमचं. मी म्हटलं, तुला शाळेतलंच सांगते. मोठ्या बाई माइकवरून म्हणतात, 'शिक्षकांनी आपापला तास सुरू करावा.' कोणत्या वर्गात कोण उभं आहे याची त्यांना फिकीर नसते. त्यांच्या लेखी सगळे शिक्षक. पण हुकूम पोचला की गणिताच्या बाई फळ्याकडे वळतात आणि तू शिट्टी मारतोस. हुकूम सगळ्यांना एकच. काय घडायचं ते त्या वेळी तिथे खरोखर कोण उभं आहे त्यावर ठरतं.

"मग यात तुझं काय?"

"माझ्या प्रोग्राममध्ये सगळ्यांना 'सॉकेट' एवढंच म्हणायचं आणि सांगायचं, आकार काढ. पण आत नव्या जखमेचं सॉकेट असेल तर ते हाडाच्या टोकाशी जागा सोडतं. जुन्या पायाचं असेल तर सोडत नाही. बाहेरून नाव काहीही असो. प्रोग्राम चालायची वेळ आली की आत कोण आहे ते बघितलं जातं."

दादाने थोडा विचार केला. "आणि शिट्टीवाल्याला एक पाय नसेल तर?"

"शिट्टी तोंडानेच वाजते ना!"

आम्ही दोघं खो खो हसलो. वहिनी नाही हसली. तिला असले विनोद कधीच कळले नाहीत.

१२ फेब्रुवारी

दुसरं सॉकेट. पहिल्या काही महिन्यांत सूज उतरते, पाय बारीक होत जातो, म्हणून पुन्हा माप घ्यायचं आणि पुन्हा साचा कोरायचा. साचेवाल्यांनी टेप लावून घेर सांगितले, मी भरले. पडद्यावर नवे आकडे झळकले. मशीनने साचा कोरून ठेवला, तर हे पुन्हा टेप घेऊन साच्याकडे निघाले.

"आता कशाला?" मी विचारलं.

"सवय आहे."

"पडद्यावर दिसतंय की. मशीन सुताचाही फरक करत नाही. तुम्ही मशीनवर कधी विश्वास टाकणार?"

त्यांनी टेप गुंडाळून खिशात घातली. मी जरा जोरातच बोलले बहुधा. पण दर वेळी माणूस तपासत बसणार असेल तर मशीन घेतलं कशाला?

दादाने पाय घालून चार पावलं टाकली आणि म्हणाला, "हा तर अगदी पहिल्यासारखाच वाटतोय." यापेक्षा मोठी पावती कोणती! संध्याकाळी फोन करकरून सगळ्यांना सांगितलं.

२३ फेब्रुवारी

दादाकडे जाऊन आले. अंगणातल्या दोरीवर जाड लोकरी मोजे वाळत होते, एका रांगेत, सगळे एकाच पायाचे. वहिनीला म्हटलं, एवढे मोजे कशाला? ती म्हणाली, "लागतात." हल्ली ती तुटकच बोलते. माझा हा नवा उद्योग तिला रुचलेला दिसत नाही. लोकांना बहिणीने नोकरी सोडणं पटत नाही, नणंदेने तर त्याहून नाही.

"पाय कसा आहे?" मी दादाला विचारलं.

"फर्स्ट क्लास."

"मैदान?"

"बघशील तू. आख्खी फेरी मारून वर तुला सॅल्यूट ठोकीन."

"अहो, तिला जरा—" वहिनीने सुरुवात केली.

"चहा टाक ना," दादा म्हणाला.

मी निघाले तेव्हा तो फाटकापर्यंत सोडायला आला, ताठ आणि भराभर. कपाळावर घाम डबडबला होता. सराव चालू आहे, चांगलं आहे. माझ्या नव्या रुग्णाला दाखवायला त्याचा एक व्हिडिओ काढून घेतला.

१ मार्च

कार्यशाळेत कटकट. एक आजीबाई आहेत, त्यांचं दुसरं सॉकेट सैल झालं. साधं सैल नाही, त्यांच्या भाषेत "बादलीत पाय घातल्यासारखं". आजीबाईंनी आख्खी कार्यशाळा डोक्यावर घेतली. साचेवाल्यांनी आतून मऊ अस्तर लावून दिलं, मग कुठे थंडावल्या. साचेवाले म्हणाले, प्लास्टिक गरम असताना ताणलं गेलं असेल. मी लगेच प्लास्टिकच्या पुरवठादाराला एक कडक पत्र लिहिलं. असल्या मालावर माझ्या आकड्यांनी काय करावं?

९ मार्च

वहिनीचा सकाळीच फोन आला. "ये. आत्ताच्या आत्ता ये." तिने मला असा हुकूम कधीच केला नव्हता.

दादा पलंगावर बसला होता. पाय काढून भिंतीला टेकवलेला. वहिनीने मोजे एकेक करून उतरवायला घेतले. एक, त्याखाली दुसरा, त्याखालीही आणखी. शेवटचा मोजा चिकटला होता, तो पाण्याने भिजवून सोडवावा लागला. हाडाच्या टोकाशी जखम होती, रुपयाएवढी, आणि तिच्या बाजूला आणखी एक.

"किती दिवस?" मी विचारलं.

"एवढं काही नाही गं," दादा म्हणाला.

"नवा पाय मिळाल्यापासून," वहिनी म्हणाली. ती रडत नव्हती, चिडली होती. "सैल पाय घट्ट बसवायला दर थोड्या दिवसांनी एक मोजा वाढतोय. तुला सांगू द्यायचे नाहीत. आज मी यांचं ऐकणार नाही."

डॉक्टरकडे नेलं. जखम पूर्ण भरेपर्यंत पाय घालायचा नाही, म्हणजे नाही. एप्रिलची फेरी गेली.

तिथून ते सॉकेट घेऊन तडक कार्यशाळेत गेले. दादाचा साचा अजून फळीवर होता. साचेवाल्यांनी खिशातून टेप काढली आणि साच्याला लावली. मग जुन्या, पहिल्या साच्याला लावली. दोन्हींचा घेर एकच. पडद्यावर मात्र नवा घेर झळकत होता.

मी भिंतीवरच्या माझ्या नंबराकडे बघत राहिले.

१० मार्च

सापडलं. शोधायला वेळसुद्धा लागला नाही.

प्रोग्राममधल्या रुग्णाकडून माप मागून घ्यायचं. माप व्हॅल्यू टाइप, म्हणजे मिळाली ती प्रत. मी ती वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवली, त्यात नवा घेर भरला आणि तेच पडद्यावर दाखवलं. प्रत रुग्णाला परत दिलीच नाही. मशीनने कोरताना रुग्णाला माप विचारलं आणि त्याने आपल्याजवळचं मूळ, जुनं, जाड पायाचं माप दिलं. पहिल्या खेपेला माप थेट रुग्णात भरलं जात होतं, म्हणून पहिले पाय सगळ्यांचे नीट बसले. दुसऱ्यांदा आलेल्या प्रत्येकाला मी पहिलाच पाय पुन्हा दिला. कंपायलर सांगत होता ते हेच होतं, की प्रत बदलून काही होणार नाही, बये. मी त्याला पुढे बोलू दिलं नाही.

दुरुस्तीला एक ओळ पुरली. बदललेलं माप परत रुग्णात ठेव, एवढंच. मग दादा, आजीबाई आणि दुसऱ्यांदा आलेला आणखी एक रुग्ण, अशा तिघांचे साचे पुन्हा कोरून घेतले आणि प्रत्येक साच्याला मी स्वतः टेप लावली.

साचेवाल्यांना सगळं सांगितलं. कबूल केल्याप्रमाणे त्यांनी झापलं. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. "मी टेप खिशात घातली, ती चूक माझी," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही बोललात म्हणून घातली, ही तुमची." पुरवठादाराला माफीचं पत्र लिहिलं. आजीबाईंच्या घरी जाऊन त्यांच्याही शिव्या खाऊन आले. त्यांच्या पायाला ओरखडासुद्धा नाही. पहिल्याच दिवशी बोंब मारली म्हणून वाचल्या.

१३ मार्च

दादाला सांगितलं. तीन दिवस तोंड चुकवत होते. प्रत, मूळ, सगळं समजावलं. तो ऐकत होता. मला वाटलं, आता तरी रागावेल.

"म्हणजे पायाचा दोष नव्हता?" त्याने विचारलं.

"नाही रे."

"मला वाटलं, मीच कमी पडतोय. मुलांना इतकी वर्षं सांगत आलो ना, दुखलं तरी थांबायचं नाही." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "शिवाय तू इतकी खूश होतीस. व्हिडिओ काढलास."

"मी तुला विचारलं होतं, दादा. पाय कसा आहे म्हणून दर वेळी विचारलं होतं."

"हो. मग काय सांगणार होतो? तुझं पहिलं काम."

मला रडू आलं. त्याने उशीखालून रुमाल काढून दिला, जसा लहानपणी शाळेच्या वाटेवर द्यायचा, आणि तेवढ्यात वहिनी आत येऊन म्हणाली, "बघ, आता हेच तुझी समजूत काढतायत." ती बोलली ते खोटं नव्हतं.

घरी आल्यापासून तेच डोक्यात घोळतंय. मी रुग्णाला विचारत होते. उत्तर माझा मोठा भाऊ देत होता. प्रश्न कोणत्या नावाने विचारला याला काही अर्थ नसतो, समोर जो कोणी खरा उभा असतो तोच उत्तर देतो. हे मीच त्याला शिट्टीचं उदाहरण देऊन शिकवलं होतं! आणि तो दर वेळी म्हणायचा फर्स्ट क्लास, मी ते लगेच माझ्याजवळच्या दादाच्या प्रतीत भरून ठेवायची. लिहिल्यावर हे फारच शहाणपणाचं दिसतंय. खरी गोष्ट एवढीच आहे की मोजे दोरीवर होते आणि मी पाय बघितला नाही.

२ एप्रिल

सत्र सुरू झालं. दादा ग्रंथालयात बसला. मोठ्या बाईंना वहिनी जाऊन भेटली होती. त्या म्हणाल्या, बदली मास्तर मी दीड महिना चालवून घेईन, तोवर फेरी झाली तर ठीक, त्यानंतर मात्र मला कायमचा माणूस नेमावा लागेल. दादाशी फोनवर बोलले. "छान आहे गं, पंखा आहे," म्हणाला. आता या 'छान'चा अर्थ मला कळतो, पण करायचं काय ते कळत नाही.

१९ एप्रिल

जखम भरली. आज नवं माप, नवा साचा, नवं सॉकेट. साचेवाल्यांनी साच्याला टेप लावली. त्यांच्यानंतर मी लावली. दादा येऊन दांड्यांमध्ये उभा राहिला आणि माझ्याकडे बघून हसला. तेच हसू. मी ओळखलं, आता म्हणणार, फर्स्ट क्लास.

"मी बाहेर थांबते," मी म्हटलं.

"का? थांब की. तुझंच काम आहे."

"म्हणूनच."

दार लावून घेतलं आणि बाकावर बसले. वहिनी माझ्याशेजारी येऊन बसली. आत बराच वेळ काही ऐकू आलं नाही. साचेवाल्यांनी काहीतरी विचारलं, दादा पुटपुटला. त्यांनी पुन्हा विचारलं. मग एकदम दादाचा आवाज आला, मैदानावरचा, गेल्या कित्येक महिन्यांत न ऐकलेला: "अहो, टोचतंय! मागच्या बाजूला, इथे! नाही, वर! हे असलं घालून मी फेरी मारू? काढा आधी!"

वहिनीने माझा हात धरला. आम्ही दोघी त्या बाकावर वेड्यासारख्या हसत होतो आणि डोळे पुसत होतो. समोरच्या खोलीतला कारकून उठून बघायला आला.

साचेवाल्यांनी सॉकेट तीनदा काढून घासलं. तिन्ही वेळा दादाने त्यांचा जीव खाल्ला. नंतर साचेवाले घाम पुसत बाहेर आले आणि मला म्हणाले, "तुमचा भाऊ फार कटकट्या आहे. पाय चांगला बसणार त्यांना."

२५ एप्रिल

प्रोग्राममध्ये बदल केला. साच्याला टेप लावून घेर पुन्हा भरल्याशिवाय पुढचं बटण उमटतच नाही. साचेवाले खूश आहेत. मला आणखी एक काम मिळेल असं दिसतंय, दुसऱ्या गावच्या कार्यशाळेत. त्यांना दादाचं सगळं सांगून टाकलं. तरीही या म्हणाले.

८ मे

मैदानाची फेरी काल झाली. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आज सकाळी दादाचाच फोन आला. आधी मी चिडले. "काल? आणि मला आज सांगतोस?"

"तुझ्या वहिनीला मीच बजावलं होतं, तुला कळवायचं नाही म्हणून. तू कुंपणापाशी उभी राहिली असतीस आणि मी उगाच भराभर चाललो असतो."

"बरं, मग?" मी विचारलं.

"मग काय, झाली. दोनदा बसलो."

"बसलास?"

"एकदा खांबापाशी, एकदा नळापाशी. मोठ्या बाई म्हणाल्या, बसून का होईना, पुरी केलीत. अर्धे तास मैदान देणार, अर्धे ग्रंथालय. पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या." मग न विचारताच पुढे म्हणाला, "रात्री पाय ठणकला. सकाळी लाल दिसत होता, पण मग लाली उतरली. उतारावर मात्र भीती वाटते, भिंगरे. खरंच वाटते. आणि पोरं माझ्या पायाकडे बघतात, ते मला अजिबात आवडत नाही."

इतक्या वर्षांत दादाने मला कशाची भीती वाटते म्हणून कधी सांगितलं नव्हतं. मी खुर्ची ओढून खाली बसले.

"आणखी सांग," मी म्हटलं.

तो सांगत राहिला.